फ्रीज चालू आहे, पण आत किती अंश आहेत?

कल्याणहून माळशेज घाट साधारण ८५ किलोमीटर. शुक्रवारी रात्री शहाडचा पूल एकदाचा पार झाला की मुरबाड, टोकावडे आणि मग घाट. हॉटेल मिळत नाही म्हणून किंवा हौस म्हणून भाड्याची कॅराव्हॅन, नाहीतर मागे गादी आणि फ्रीज बसवलेली टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन दोन रात्री वर काढायच्या, असा बेत अनेक घरांत ठरतो. फ्रीजमध्ये दूध, पनीर, मुलांचे श्रीखंड आणि कोपऱ्यात आजीच्या इन्सुलिनचे पेन. गाडीवाला सांगतो, ‘फ्रीज चालू आहे, काळजी करू नका.’ नेमकी इथेच काळजी करायला हवी.

दुसरी बॅटरी कशासाठी?

गाडीची मूळ बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते. ती काही सेकंद खूप मोठा प्रवाह देते, रात्रभर फ्रीज ओढणे हे तिचे काम नाही. म्हणून अशा गाड्यांत फ्रीज, दिवे, पंखा यांच्यासाठी वेगळी बॅटरी बसवतात. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतात आणि इंजिन बंद झाले की मधला रिले त्यांना तोडतो. फ्रीजने दुसरी बॅटरी रिकामी केली तरी सकाळी गाडी सुरू होते. इथपर्यंत व्यवस्था उत्तम आहे.

अडचण हिशेबात आहे. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रीज चालू असताना सुमारे ४ ॲम्पिअर ओढतो. पावसाळ्यात घाटात हवा गार असते, त्यामुळे कॉम्प्रेसर एक तृतीयांश वेळच चालेल असे धरू. तरी शुक्रवारी रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंतच्या ४० तासांत एकटा फ्रीज ५० ॲम्पिअर-अवरहून अधिक खातो. दिवे, पंखा, सगळ्यांचे मोबाइल वेगळे. साधी लेड-ॲसिड बॅटरी १०० ॲम्पिअर-अवरची असली तरी तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरायची असते. म्हणजे रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत बॅटरी संपलेली असू शकते.

लांबच्या सहलीत हे जाणवत नाही, कारण गाडी रोज पाच-सहा तास धावते आणि बॅटरी पुन्हा भरते. कल्याणकरांची सहल मात्र अडीच तासांची धाव आणि दोन दिवसांचा मुक्काम अशी असते. आदल्या गिऱ्हाइकाने गुरुवारी रात्री गाडी रिकाम्या बॅटरीने परत केली असेल, तर एवढ्या वेळात ती पूर्ण भरणे कठीणच. छतावर सौर पॅनेल आहे म्हणून निश्चिंत राहावे, तर जुलैत माळशेजच्या ढगांत ते नावापुरतेच. त्यात काही नव्या गाड्यांत ‘स्मार्ट’ अल्टरनेटर असतो. मूळ बॅटरी भरली की तो इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज उतरवतो. साध्या रिलेला वाटते इंजिन बंद झाले, आणि तो दुसरी बॅटरी तोडून टाकतो. गाडी धावते आहे, चार्जिंग मात्र नाही. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जरच लागतो.

हिरवा दिवा पुरेसा का नाही?

बहुतेक ठिकाणी एक हिरवा दिवा किंवा फार तर व्होल्टमीटर असतो. लेड-ॲसिड बॅटरीत व्होल्टेज थोडेफार खरे बोलते. ती काही तास स्वस्थ पडून असेल तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. फ्रीज चालू असताना किंवा नुकतीच चार्ज झाल्यावर घेतलेला आकडा मात्र फसवतो. लिथियम फॉस्फेट बॅटरीत तर हा मार्गच बंद. तिचे व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास स्थिर राहते आणि शेवटी एकदम कोसळते. तिथे शंट हवा. ऋण तारेवर बसवलेले हे छोटे उपकरण आत किती प्रवाह गेला आणि बाहेर किती आला ते मोजते आणि उरलेला साठा टक्क्यांत मोबाइलवर दाखवते.

तारेकडे कोणी बघत नाही, तीही बघावी. बॅटरी पुढे, फ्रीज मागे, मध्ये सहा मीटर अंतर आणि २.५ चौरस मिलिमीटरची तार. जाऊन-येऊन १२ मीटर तांब्यात ५ ॲम्पिअरला सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच संपतात. बॅटरीत जीव असूनही फ्रीजला ती मेलेली दिसते आणि तो पहाटे गुपचूप बंद होतो. सकाळी इंजिन सुरू केले की पुन्हा चालू. दरम्यान दूध किती वेळ कोमट होते, ते कुणालाच कळत नाही.

आणि इन्सुलिन?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. उष्णतेला आपण घाबरतो, पण गोठणे त्याहून वाईट. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरायचे नसते, ते फेकूनच द्यावे लागते. गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये गार करणाऱ्या भिंतीला टेकलेली वस्तू शून्याखाली जाऊ शकते, आणि त्याच वेळी बाहेरच्या पडद्यावर ४ दिसत असतात. काही फ्रीजवरचा तो आकडा तर आपण ठरवलेल्या तापमानाचा असतो, आतल्या नव्हे. वापरात असलेले पेन मात्र बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालते (मर्यादा २५ की ३० अंश, ते सोबतच्या चिठ्ठीत पाहावे). दोन दिवसांसाठी ते फ्रीजमध्ये कोंबायची गरजच नसते. प्रश्न असतो तो जादा पेनचा.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींच्या फ्रीजचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहावे लागते. ‘ई-विन’ व्यवस्थेत तापमान बिघडले की मोबाइलवर इशारा जातो. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चे आहे. कॅराव्हॅन म्हटले की झोपायची जागा, फ्रीज, शौचालय अशी सोयींची यादी पुढे येते. माझे म्हणणे असे की, फ्रीज असणे ही सोय धरली, तर त्याचे तापमान आणि बॅटरीचा साठा प्रवाशाला दिसणे हाही त्याच सोयीचा भाग धरावा. नोंदणीच्या वेळी तेवढी अट घालायला फार काही लागत नाही. गाडीची किंमत पाहता शंट आणि तापमापकाचा खर्च किरकोळ आहे. ‘गिऱ्हाइकाला आकडे दाखवले तर उगाच प्रश्न विचारतात’ ही मालकांची भीती समजते, पण बाद इन्सुलिन घेऊन घाटात अडकलेले गिऱ्हाईक त्याहून महाग पडेल.

तोवर आपल्या हातात काय? किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल तापमापक काहीशे रुपयांत मिळतो. त्याचा संवेदक पाण्याच्या लहान बाटलीत बुडवून फ्रीजच्या मध्यभागी ठेवा, म्हणजे दार उघडताच आकडा उड्या मारणार नाही. जादा पेन त्याच बाटलीशेजारी ठेवा. सकाळी उठल्यावर आधी किमान आकडा बघा, मग कमाल. गाडी ठरवताना फोनवरच विचारा, दुसरी बॅटरी किती ॲम्पिअर-अवरची आणि साठा कुठे दिसतो? ‘हिरवा दिवा आहे ना’ असे उत्तर आले, तर घरातला थर्मास किंवा बर्फाची पेटी सोबत घ्या. पेन बर्फाला थेट टेकू देऊ नका, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा.