हजेरीआधी विचारपूस

गुलमंडीजवळ औरंगपुऱ्यात आपल्या जिल्हा परिषदेचं कार्यालय आहे. गावोगावच्या शाळांचा कारभार १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आहे. आदेश तिथून निघतो. पण तो कसा पोहोचतो, हे भेटीला आलेल्या साहेबांच्या बोलण्यावर ठरतं.

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. वर्ग रिकामे होतात. अशा वेळी साहेबांनी मुलांदेखत "हजेरी इतकी कमी का?" म्हणून झापलं, तर पुढच्या वेळी मुलं कागदावर हजर होतात, वर्गात नाही. तेच साहेब शेजारी बसून "सर, कोणकोण गेलंय? आजीजवळ कोण राहू शकेल?" असं विचारतील, तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो आणि चार मुलं गावातच शिकतात.

डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द जगभर पोहोचला. आपला राग ओळखा, समोरच्याची अडचण ऐका, एवढा साधा त्याचा अर्थ. हा मवाळपणा नव्हे. चूक असेल तर जरूर सुनवा, पण मुलांसमोर नको. पालकहो, वरून आलेला अपमान उतरत उतरत शेवटी आपल्याच लेकरांपर्यंत येतो.