पेल्यातील राय, रानातील मोह

१/ ठाण्यातील वा डोंबिवलीतील एखाद्या सदनिकेत राय व्हिस्कीमध्ये कडवट कँपारी आणि गोडसर व्हर्मुथ मिसळले जाते. बर्फावर सावकाश ढवळून, वर संत्र्याची साल पिळून पेला भरला जातो. याला छंद म्हणतात. याच जिल्ह्यात घरी गाळल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका मद्याला मात्र गुन्हा ठरवण्यात आले. हा भेद चवीने नव्हे, कायद्याने घडवला.

२/ आधी राय. हे थंड हवेत, हलक्या जमिनीतही येणारे धान्य. अठराव्या शतकात पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकरी ते घरच्या भट्टीत गाळत. डोंगर ओलांडून धान्याची पोती नेण्यापेक्षा व्हिस्कीची पिंपे नेणे त्यांना परवडे.

३/ १७९१ मध्ये अमेरिकी सरकारने या मद्यावर कर बसवला आणि शेतकरी उठले. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी उठाव मोडण्यासाठी सुमारे १३,००० सैनिक धाडले. पुढे १७९७ मध्ये त्यांच्याच माउंट व्हर्नन येथील जमिनीवर भट्टी सुरू झाली. १७९९ मध्ये तिथे सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की तयार झाली, प्रामुख्याने रायची.

४/ तो कर १८०२ मध्ये रद्द झाला आणि राय प्रतिष्ठित झाली. वर सांगितलेल्या मिश्रणाचे मूळ रूप, बुलेव्हार्डिए, १९२७ मध्ये पॅरिसमधील हॅरी मॅकेलहोन यांच्या पुस्तकात छापले गेले. त्या वेळी अमेरिकेत दारूबंदी होती. मूळ कृतीत बर्बन आहे. राय वापरली की तिखटपणा वाढतो.

५/ आता शहापूर-मुरबाडची राने. वारली, ठाकूर, कातकरी यांच्यासाठी मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गळणारी फुले वेचून वाळवायची, टंचाईत शिजवून खायची, बियांचे तेल काढायचे. त्याच फुलांची दारू लग्नात, देवकार्यात आणि मरणोत्तर विधीतही लागे.

६/ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती परवानाधारकांच्या हाती एकवटत नेली. तरीही घरची भट्टी विझेना. म्हणून १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोह कायदा आला. आता थेट फुलांवरच निर्बंध आले.

७/ फूल वाईट होते म्हणावे, तर मुंबई बंदरापलीकडे उरणच्या मोठ्या भट्ट्यांत त्याच मोहाची दारू सरकारी परवान्याने गाळली जात होती. घरची दारू विकत घ्यावी लागत नाही आणि तिच्यावर महसूलही मिळत नाही. सरकारला खुपत होते ते हे. नशा तर दोन्हीकडे सारखीच होती.

८/ यावर एक आक्षेप रास्त आहे: अवैध दारू जीव घेते. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे दगावली. परंतु तो मिथेनॉलचा बळी होता, मोहाचा नव्हे. शिवाय मद्याची तपासणी करायची तर ते आधी उजेडात यावे लागते. बंदी त्याला अंधारात ढकलते.

९/ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवर नियंत्रण ठेवले. फुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध राज्य शासनाने शिथिल केले ते २०२१ मध्ये. फूल मोकळे झाले, तरी घरची भट्टी गुन्हाच राहिली. सदनिकेतील तो पेलाही याच कायद्याखाली येतो: व्हिस्की पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत आणि परवानाही हवा. मात्र तिथे धाडीची भीती सहसा कोणाला वाटत नाही.

१०/ व्यसनाने आदिवासी घरांचेही नुकसान केले आहे. मोहाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मागणी एवढीच की, पारंपरिक मोहमद्याला तपासणीसह परवान्याची वाट मिळावी आणि तो परवाना प्रथम फुले वेचणाऱ्यांना मिळावा, बाहेरच्या कंत्राटदाराला नव्हे. पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांवरचा कर अकरा वर्षांत गेला. ठाण्याच्या रानातील माणसे १८९२ पासून थांबली आहेत.