तार तीच, नाव निराळे!

'संगणक, तारा, जोडण्या ही विज्ञान शाखेची कामे. आपण कलेचे विद्यार्थी, आपला त्यांच्याशी संबंध काय?' हा सूर आपल्यात नेहमी ऐकू येतो. मला तो मान्य नाही. लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती सर्व्हरची बंद पडलेली तारेची जोडणी दुरुस्त करणे, हे हत्यारांचे काम कमी आणि वाचनाचे अधिक आहे. आणि वाचन हा तर आपलाच प्रांत!

घरगुती सर्व्हर ही काही अद्भुत वस्तू नव्हे. एखादा जुना संगणक, त्यात लिनक्स आणि राउटरपर्यंत गेलेली इथरनेटची तार. घरची छायाचित्रे, आजीच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, प्रबंधाची टिपणे असा ऐवज त्यात ठेवता येतो. बहुधा त्याला पडदा नसतो, कळफलकही नसतो. तार हीच त्याची वाचा. ती गेली की घाबरलेला माणूस 'सगळे पुसून नव्याने टाका' या सल्ल्याला बळी पडतो. आजार सर्दीचा आणि उपाय शिरच्छेदाचा! त्यात आजीच्या ओव्याही पुसल्या गेल्या, तर त्या परत कोण गाणार?

एक नेहमी आढळणारा दोष पाहा. सर्व्हरमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि जोडणी गेली. तार तीच, राउटर तोच. मग बिघडले काय? बिघडले ते नाव. पूर्वी लिनक्समध्ये पहिल्या नेटवर्क कार्डाला 'ईटीएच०' म्हणत. पण कार्डे दोन असली, की कोणते पहिले ठरेल याची शाश्वती नसे. म्हणून २०१३ साली 'सिस्टमडी'ने कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. 'ईएनपी३एस०' म्हणजे तिसऱ्या बसवरील शून्य क्रमांकाच्या खाचेतले इथरनेट. आपल्याकडे सातारकर मुंबईत बिऱ्हाड करून राहिला, तरी सातारकरच राहतो. येथे मात्र घरक्रमांक बदलला की आडनाव बदलते! नव्या कार्डामुळे बसचे क्रमांक सरकतात, 'ईएनपी३एस०'चे 'ईएनपी४एस०' होते आणि जोडणीची फाईल जुन्याच नावाने हाका मारीत बसते. ओ कोण देणार?

हे शोधण्याची रीत सोपी आहे. प्रथम तारेच्या खोबणीजवळचा दिवा पाहावा. तो लागत नसेल, तर दुसरी तार लावून पाहावी. दिवा लागत असेल, तर पडदा व कळफलक जोडून 'आयपी लिंक' ही आज्ञा द्यावी. कार्डाचे आजचे नाव दिसते. ते फाईलीतील नावाशी ताडावे आणि चुकले असेल तर सुधारावे. मग 'पिंग'ने आधी राउटरला, नंतर बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला आणि शेवटी नावाला साद घालावी. अंकाला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष तारेचा नसून नावांचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचा. घोळ पुन्हा होऊ नये म्हणून फाईलीत कार्डाची ओळख जागेवरून न देता त्याच्या ४८ बिटांच्या मॅक क्रमांकावरून द्यावी. तो क्रमांक कार्डाबरोबरच राहतो.

कुणी म्हणेल, 'एवढी उठाठेव कशाला? दुरुस्तीवाल्याला बोलवावे.' जरूर बोलवावे. परंतु काय बिघडले हे ज्याला सांगता येत नाही, त्याला पुसण्याचा सल्ला नाकारताही येत नाही. लिनक्सची सुरुवात १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. तिची संहिता कुणालाही उघडून वाचता येते. संहिता ताडून पाहणे, पाठभेद शोधणे हे आपले गुरुजन आपल्याला रोज शिकवतात. तीच शिस्त संगणकाच्या तासालाही यावी आणि बटणे दाबण्याबरोबर दोष वाचण्याचेही धडे मिळावेत, एवढीच त्यांना विनंती.