काचेच्या पोटातलं धुकं

हायवेलगतचा फ्लॅट, म्हणून हौसेने डबल ग्लासच्या खिडक्या घेतल्या. यंदा पावसाळ्यात बेडरूमची काच धुरकट झाली. पुसली, पुन्हा पुसली. ढिम्म! कारागीर म्हणाला, 'मॅडम, अख्खी खिडकी बदला.' म्हणजे महिन्याचा ईएमआय गेला की!

तुमच्यावर ही वेळ आली, तर आधी काचेवर बोट फिरवा. खिडकीबाहेर न झुकता, हं. ओल बाहेरून लागली, तर एसीने गार झालेल्या काचेवर दमट हवा जमलीय. नो टेन्शन. आतून लागली, तर खोलीतली हवा कोंडलीय. जरा वारा खेळू द्या. दोन्हीकडून बोट कोरडंच? मग सील गेलंय आणि ओल दोन काचांच्या मध्ये शिरलीय. ती घरी निघत नाही. पण फ्रेम धड असेल, तर फक्त काचांची जोडी बदलता येते. मी तेच केलं.

आणि खालच्या ट्रॅकमध्ये पाणी तुंबतंय? तिथली निचऱ्याची भोकं टूथपिकने मोकळी करा, पेलाभर पाणी ओतून बघा. बाहेर गेलं, की काम फत्ते! खर्च? एक टूथपिक आणि रविवारची अर्धी सकाळ.