हशामागची साथ

ब्रिटिश विनोदी अभिनेत्री जून व्हिटफील्ड यांचे आत्मचरित्र 2000 साली आले. त्याचे नाव '...अँड जून व्हिटफील्ड'. श्रेयनामावलीत विनोदवीरांची नावे होऊन गेल्यावर 'आणि' लावून जे शेवटी येते, ते नाव आपले, हे त्यांनी मुखपृष्ठावरच लिहून ठेवले. हशा कोणाच्या वाक्यावर झाला, एवढ्यावरून आपण विनोदाचे श्रेय वाटतो. हा हिशेब अपुरा आहे. गवयाच्या मैफलीत ठेका धरणाऱ्याचा जो वाटा, तोच विनोदात समोरच्याला साथ देणाऱ्याचा असतो. आणि व्हिटफील्ड यांची साठ वर्षांहून मोठी कारकीर्द हा त्याचा भक्कम पुरावा आहे.

आधी रेडिओ, कारण तिथे चेहरा मदतीला येत नाही. 1953 मध्ये त्या बीबीसीच्या 'टेक इट फ्रॉम हिअर'मध्ये आल्या आणि 'ग्लम्स' या कुटुंबाच्या प्रहसनात एथ झाल्या. मठ्ठ, आळशी रॉनशी एथचे लग्न ठरलेले, पण ते काही होत नाही. रॉनचे काम करणारे डिक बेंटली त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठे होते, तरी ऐकणाऱ्याला ते कधी खटकले नाही. रॉनच्या मठ्ठपणावर लोक हसत, कारण एथचा त्याच्यावरचा विश्वास खरा वाटे. तो आवाज जरा जरी खोटा लागला असता, तर रॉन नुसता कंटाळवाणा ठरला असता. मग दूरचित्रवाणी: 1961 मध्ये विनोदी अभिनेता टोनी हँकॉकच्या 'द ब्लड डोनर'मध्ये त्या परिचारिका होत्या. रक्तदानाला शूरवीराच्या तोऱ्यात आलेला हँकॉक हास्यास्पद दिसतो, याचे कारण ती परिचारिका रोजचे काम रोजच्याच सुरात करत राहते.

यावर पहिला आक्षेप असा, की साथ चांगली असली तरी कार्यक्रम बेताचे होते. टेरी स्कॉटबरोबरची 'टेरी अँड जून' (1979 ते 1987) ही उपनगरी नवरा-बायकोची मालिका तेव्हाच्या तरुण विनोदकारांना मिळमिळीत वाटे, आणि तिच्या संहितेत धार कमी होती हे मान्यच करायला हवे. पण त्याच तरुण पिढीतल्या जेनिफर सॉन्डर्सने 1992 मध्ये 'अ‍ॅब्सोल्युटली फॅब्युलस' लिहिताना स्वतःच्या पात्राची आई म्हणून व्हिटफील्ड यांनाच घेतले. मुलगी फॅशनच्या मागे धावत आरडाओरडा करते. आई शांतपणे, किंचित हरवल्यासारखी एक वाक्य बोलते आणि मुलीचा सगळा डौल उतरतो. मालिका जुन्या झाल्या. व्हिटफील्ड यांचे कसब नव्या पिढीलाही हवेच होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साथीचे गुणगान करणे म्हणजे बाईच्या दुय्यम जागेला हार घालणे नव्हे का? व्हिटफील्ड यांच्या बऱ्याच कार्यक्रमांच्या संहिता पुरुषांनी लिहिल्या, आणि त्यांत बाईला वाग्दत्त वधू, पत्नी, परिचारिका एवढ्याच भूमिका असत. हा अन्याय होता आणि कौतुकाने तो झाकता येत नाही. मात्र, संधी तोकडी होती म्हणून त्या संधीत दाखवलेले कसबही तोकडे मानले, तर त्याच बाईवर दुसरा अन्याय होतो. ते कसब किती मोठे होते, हे मुख्य भूमिका मिळाली तेव्हा दिसले. 1993 ते 2001 या काळात बीबीसी रेडिओ 4 वर अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्यांची नाट्यरूपे झाली आणि मिस मार्पल झाल्या व्हिटफील्ड. इतरांना बोलू देणे, लक्ष देऊन ऐकणे आणि नेमक्या वेळी बोलणे हीच मिस मार्पलची ताकद. चाळीस वर्षे साथ देताना व्हिटफील्ड यांनी दुसरे काय केले होते?

2017 मध्ये, एक्याण्णवाव्या वर्षी त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबरमध्ये त्या गेल्या. हा सन्मान फार उशिरा आला, कारण साथीला कला म्हणून ओळखायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. ती लावून घेणे अवघड नाही. 'ग्लम्स'चे एखादे जुने ध्वनिमुद्रण लावावे, आणि रॉनच्या ज्या वाक्यावर हशा होतो, त्याच्या आधीचे एथचे वाक्य तेवढे नीट ऐकावे.