गल्ला फोडण्याआधी हिशेब!

काय भाच्यांनो, सुट्टी कशी चाललीय? आंबे, पत्ते, क्रिकेट आणि दुपारी उन्हात हिंडल्याबद्दल बोलणी, सगळं वेळच्या वेळी ना? छान!

या आठवड्यात हिशेबमामाच्या पेटीत एक पत्र आलंय. यंदा नववीत जाणाऱ्या एका भाचीचं. नाव-गाव छापत नाही, कारण गोष्ट घरातली आहे. ती लिहिते :

‘मामा, बाबांचं वर्कशॉपमधलं काम मार्चमध्ये सुटलं. ते शेतावर मजुरीला जातात, पण घरात आता कुणी फारसं बोलत नाही. आईच्या फोनवर मी एक व्हिडिओ पाहिला. डायऱ्या आणि जर्नल तयार करून ऑनलाइन विकायची, घरबसल्या पैसे येतात, असं त्यात सांगितलंय. शिकवणीचे ९९९ रुपये आहेत. माझ्या गल्ल्यात साधारण तेवढेच असतील. फोडू का? घरी अजून काही सांगितलेलं नाही.’

भाचे, आधी उत्तर देतो, मग कारण. गल्ला फोडू नकोस! पण वह्या करायचा विचार मात्र सोडू नकोस. आता बाकीच्यांनीही कागद-पेन्सिल घ्या. आपण हिशेब मांडू.

जर्नल म्हणजे काय? रोजच्या नोंदी करायची वही. कुणी त्यात मनातलं लिहितं, कुणी व्यायामाची नोंद ठेवतं. आतली पानं नुसती रेघांची किंवा चौकटींची असतात. अॅमेझॉनच्या केडीपी या सेवेवर अशी वही कुणालाही प्रकाशित करता येते. कॉम्प्युटरवर पानं आणि मुखपृष्ठ तयार करायचं, फाइल चढवायची, किंमत ठरवायची. गंमत अशी, की वही आधी छापून ठेवावी लागत नाही. गिऱ्हाइकाने मागणी नोंदवली की एकच प्रत छापली जाते आणि परस्पर त्याच्या घरी जाते. गोदाम नको, भांडवल नको. इथवर व्हिडिओतलं सगळं खरं असू शकतं.

आता आकडे बघा हं. अमेरिकेतल्या दुकानात १२० पानांची, ६ बाय ९ इंचांची वही ६ डॉलर ९९ सेंटला ठेवली असं समजा. जून २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ९.९९ डॉलरपेक्षा स्वस्त पुस्तकावर आपला वाटा किमतीच्या निम्मा, म्हणजे साधारण साडेतीन डॉलर. पण त्यातून छपाई वजा होते. काळ्या शाईच्या छपाईला १ डॉलर, शिवाय दर पानाला १.२ सेंट. १२० पानांचे झाले १ डॉलर ४४ सेंट. एकूण २ डॉलर ४४ सेंट. उरले किती? सुमारे १ डॉलर ५ सेंट. डॉलरचा भाव रोज बदलतो. सोयीसाठी ९० रुपये धरू. म्हणजे वहीमागे ९५ रुपयांच्या आसपास.

‘मग ९९९ रुपये भरून यायला अकराच वह्या विकायच्या. सोप्पंय की!’ असं कोण म्हणालं? थांबा!

ज्या वहीला एक दुपार पुरते, ती वही जगात कुणालाही एका दुपारीच करता येते. आणि लोकांनी केल्याही. सप्टेंबर २०२३ मध्ये तर गैरवापर टाळण्यासाठी केडीपीने मर्यादा कमी केली : एका खात्यातून दिवसाला जास्तीत जास्त ३ नवी पुस्तकं. केवढी गर्दी होऊ शकते, कल्पना करा. त्या गर्दीत अमेरिकेतल्या अनोळखी माणसाने नेमकी आपलीच रेघांची वही का उचलावी? वही ‘ठेवणं’ सोपं आहे, ‘खपवणं’ नाही. शिवाय तिथे स्वतःचं खातं उघडायला १८ वर्षं पूर्ण लागतात.

आणखी एक गणित. शिकवणीला १०० जण आले, तर शिकवणाऱ्याकडे किती जमतील? ९९,९०० रुपये! मग त्याची कमाई वह्या विकून होते, की वह्या विकायची शिकवणी विकून? पैसे भरण्याआधी हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायचा. वहीत लिहून ठेवा.

आता दुसरी बाजू. गर्दीतला कुठलाच माणूस करू शकणार नाही, अशी वही तुला करता येईल का? तुझ्या पत्रात लिहिलंयस, की तुमचं गाव भातशेतीचं. मृग आता तोंडावर आला. ‘यंदा आर्द्रा कोरड्या गेल्या’, ‘हस्ताने झोडपलं’, असं आजोबा बोलतात ना? मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. पावसाची ही नऊ नक्षत्रं, प्रत्येक साधारण १३-१४ दिवसांचं. पण कोणत्या नक्षत्रात किती पडला, हे पुढच्या वर्षी नेमकं आठवतं कुणाला?

तर करायची ‘पावसाची वही’! प्रत्येक नक्षत्राला ४ पानं, नऊ चोक छत्तीस. वर १२ पानं बी, खत, मजुरी यांच्या हिशेबाला. झाली ४८. एका पानावर समजावून सांगायचं, की १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. शेतकऱ्याला हे उपयोगी पडतं.

कृती सोपी आहे. ए-फोर आकाराचे १२ कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. एका कागदाची ४ पानं, बाराची ४८. बाहेरून जाड कागदाचं कव्हर. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत घ्या, आतल्या आत खाली नेऊन खालच्यातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकांची आतल्या लांब टाक्यावर गाठ मारा. चित्रं मात्र स्वतः काढा. इंटरनेटवरचं चित्र उचलायचं नाही, ते कुणाच्या तरी मालकीचं असतं. आपल्या कायद्यात चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो.

आता खर्च. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, मी अंदाजाने धरतो. कागद आणि झेरॉक्स ३६ रुपये, कव्हर १०, दोरा वगैरे ४. एकूण ५०. किंमत ठेवली ८०. दहा वह्यांवर नफा ३०० ना? चूक! एक वही बिघडणार, धरून चाला. एक आजोबांना द्यायची, नक्षत्रं त्यांनीच सांगितली ना! विकल्या आठ. आले ६४०, गेले ५००, उरले १४०. असे सात वेळा दहा-दहा वह्यांचे खेळ केले तरी ९८०. म्हणजे त्या शिकवणीचे पैसेसुद्धा भरून निघत नाहीत. ९९९ रुपये ही केवढी मोठी रक्कम आहे, कळलं आता?

ऑनलाइन विकायचं ते यानंतर. पहिल्या पाच वह्या ओळखीच्या शेतकऱ्यांना द्या. दोन आठवड्यांनी विचारा, कुठली रकाने कोरी राहिली? ती काढून टाका. मग आई-बाबांच्या फोनवरून फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. पैसे त्यांच्याच खात्यात यायला हवेत, पत्ता आणि बोलणं त्यांच्याच हाती. बाहेरगावची मागणी आली तर आधी वही वजन करून टपालखर्च विचारून घ्या आणि तो वेगळा सांगा. मामाने एकदा सुट्टीत हाताने रंगवलेली कॅलेंडरं टपालखर्च न विचारताच विकली होती. प्रत्येक कॅलेंडरामागे खिशातले सहा रुपये गेले आणि जितकी जास्त खपली, तितका मामा बुडाला!

भाचे, शेवटचं तुझ्याशी. एका हंगामात तुझ्या हाती चार-पाचशे रुपये येतील, कदाचित तेवढेही नाहीत. घर त्याच्यावर चालणार नाही आणि ते चालवणं हे तुझं काम नाही. पण हे पत्र आईला दाखव. बाबांनाही दाखव. काम सुटलेल्या माणसाला वाटतं, पोरांना काही कळू नये. पोरांना सगळं कळतं, हे त्यांना कळू दे. आणि वर्कशॉपमध्ये काम केलेल्या बाबांच्या हाताला सरळ रेघ, नेमकं माप आणि दाभण यांची ओळख असणार. वह्या शिवताना त्यांना शेजारी बसव. घरात बोलणं सुरू होईल, आणि ते कुठल्याच हिशेबात मांडता येत नाही.

बाकीच्या भाच्यांनो, तुमचा गृहपाठ : तुमच्या गावात, गल्लीत, घरात कोणती नोंद कुणीच ठेवत नाही, पण ठेवायला हवी? तिच्या वहीचं एक पान आखून पाठवा. खर्चाचा हिशेब मागच्या बाजूला. बिघडलेली वही धरायला विसरू नका!

तुमचा,
हिशेबमामा