स्वस्तातला श्वास महाग पडू नये

नागपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण समुद्रात बुडी मारण्याचे सामान आता प्रताप नगरातल्या दारातही कुरिअरने येऊन पडते. अंदमान, तारकर्ली, गोवा, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट अशा ठिकाणी सुट्टीत स्कूबा डायव्हिंग करून येणारे आपल्याकडे आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यातल्या काहींना गोडी लागते, ते रीतसर प्रशिक्षण घेतात, आणि मग स्वतःचे सामान असावे असे वाटू लागते. मोबाईलवर शोध सुरू होतो. तोच रेग्युलेटर अधिकृत विक्रेत्याकडे एका किमतीला दिसतो आणि दुसरीकडे त्याहून कितीतरी कमी किमतीत. खोके तेच, नाव तेच, छायाचित्रही तेच. मग जास्त पैसे का मोजायचे? प्रश्न रास्त आहे आणि ‘स्वस्त ते वाईट’ हे त्याचे उत्तर नाही.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. ‘ग्रे मार्केट’ म्हणजे नकली मालाचा बाजार नव्हे. एखाद्या देशासाठी किंवा विक्रेत्यासाठी बनलेला अस्सल माल कंपनीने नेमलेल्या साखळीबाहेरून विकला जातो, तेव्हा त्याला हे नाव मिळते. परदेशातील घाऊक विक्रेत्याकडे उरलेला साठा कोणी उचलतो, कोणी प्रवासी सामानातून आणतो, कोणी बंद पडलेल्या दुकानाचा माल काढतो. हा माल उत्तम असू शकतो. अडचण अशी की याच वाटेने नकली, जुना किंवा खोलून पुन्हा बसवलेला मालही येतो, आणि तो ओळखून वेगळा काढणारे कोणीही त्या वाटेवर उभे नसते.

घड्याळ किंवा कॅमेरा असा घेतला आणि बिघडला, तर नुकसान पैशांचे होते. पाण्याखाली हिशेब वेगळा असतो. स्कूबाच्या नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या ती जवळजवळ नव्वदपट. इतक्या दाबाची हवा फुप्फुसात घेणे अशक्य. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवतो. पहिला टप्पा तो भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार अधिक एवढ्यावर आणतो आणि तोंडातला दुसरा टप्पा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करून देतो. हे सारे काम काही झडपा, स्प्रिंगा, पातळ पडदे आणि रबरी ओ-रिंगांवर चालते. खाऱ्या पाण्याचे स्फटिक साचले, रबर कडक झाले किंवा झडपेची बैठक झिजली की दोनपैकी एक होते. एक तर हवा अडखळत येते, श्वास ओढायला जोर लागतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस घाबरतो. नाही तर हवा थांबतच नाही, ती फसफसून वाहते आणि सिलिंडर बघता बघता रिकामा होतो.

वेळ किती हाती असतो, हेही पाहा. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे १ बारने वाढतो. म्हणजे २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला तिथे सिलिंडरमधली ६० लिटर लागते. साधारण २२०० लिटर हवेचा साठा मग पाऊण तासही पुरत नाही. हवा संपल्याच्या भीतीने श्वास रोखून वर धाव घेतली, तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना तिचे आकारमान दुप्पट होते. फुप्फुसाचे ऊतक फाटून हवेचे बुडबुडे रक्तात आणि तिथून मेंदूत जाऊ शकतात. साध्या बिघाडाचा शेवट असा होऊ शकतो.

अर्थात भीतीही प्रमाणात हवी. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. घटनेची सुरुवात कशाने झाली हे ज्यांत ठरवता आले, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत हवा अपुरी पडणे आणि १५ टक्के प्रकरणांत सामानाची अडचण हे कारण दिसले. म्हणजे सामानापेक्षा माणसाची चूक मोठी. पण १५ टक्के हा आकडा किरकोळ म्हणून सोडून देण्याइतका लहानही नाही.

अधिकृत विक्रेत्याला जास्त पैसे देताना आपण नेमके काय विकत घेतो? उत्तर आहे, वस्तूमागचा माणूस. रेग्युलेटर हे एकदा घेऊन विसरण्याचे यंत्र नाही. कंपनीच्या सूचनेनुसार वर्षा-दोन वर्षांनी तो खोलून साफ करावा लागतो, ओ-रिंगा आणि झडपांच्या बैठका बदलाव्या लागतात. अनेक कंपन्या हे सुटे भाग फक्त प्रशिक्षित, अधिकृत तंत्रज्ञांनाच देतात. हमीसाठी खरेदीची पावती आणि अनुक्रमांक बघतात. एखाद्या मॉडेलमध्ये दोष आढळून ते परत मागवले, तर निरोप नोंदलेल्या ग्राहकाला जातो. ज्याची खरेदी कुठल्याच वहीत नाही, त्याच्यापर्यंत तो निरोप पोचणार कसा?

सिलिंडरचा विषय तर थेट नागपूरशी येऊन भिडतो. देशातील दाबाच्या वायूंच्या सिलिंडरवर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय याच शहरात, सेमिनरी हिल्सवर आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार सिलिंडर मान्यताप्राप्त प्रकारचा असावा लागतो, त्याची ठराविक मुदतीने चाचणी व्हावी लागते, आणि या अटी पूर्ण न करणारा सिलिंडर भरता येत नाही. परदेशातून हौसेने आणलेला, तिथल्या मानकाचा सिलिंडर इथे शोभेची वस्तू ठरू शकतो. ही नुसती कागदी अट नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकापर्यंत ६३५१ या मिश्रधातूपासून बनलेल्या काही सिलिंडरच्या गळ्याशी सतत दाबाखाली राहून बारीक भेगा पडत गेल्या आणि त्यातले काही भरताना फुटले. मानेवरचा ठसा वाचता येणे म्हणूनच महत्त्वाचे.

श्वासाच्या यंत्रांचा असा बाजार आपण एकदा पाहिलेला आहे. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दिल्ली पोलिसांनी पाचशेहून अधिक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर जप्त केले होते. त्यांच्या दर्जाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. त्या दिवसांत अनेक कुटुंबांनी मिळेल तिथून यंत्र घेतले. गरजेपोटी घेतले, त्यांना दोष देता येणार नाही. डायव्हिंगला तशी निकड नसते. इथे विचार करायला वेळ असतो.

अधिकृत विक्रेत्यांची बाजूही निर्दोष नाही. आयात शुल्क आणि मर्यादित विक्री यामुळे किमती चढ्या राहतात, दुकाने किनाऱ्यालगत किंवा महानगरांत एकवटलेली असतात, आणि विदर्भातल्या ग्राहकाला सर्व्हिसिंगसाठी सामान कुरिअरने पाठवावे लागते. सुटे भाग अडवून धरण्याचे धोरण सुरक्षेसाठी किती आणि बाजार राखण्यासाठी किती, असा प्रश्न ग्राहक विचारतात, तो चुकीचा नाही. भारतात माल विकायचा असेल, तर देशातच ठरलेल्या दरात आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून देण्याची जबाबदारी कंपन्यांनी घेतली पाहिजे. ती घेतली, तर ग्रे मार्केटचे आकर्षण आपोआप कमी होईल.

तोवर ग्राहकाने एक साधी रेषा आखावी: श्वास कशावर अवलंबून आहे? मास्क, फिन्स, स्नॉर्केल, वेटसूट यांवर नाही. ते नीट बसत असतील तर कुठूनही घ्यावेत, वापरलेले असले तरी चालतील. रेग्युलेटर, तरंगण्यावर नियंत्रण ठेवणारे जाकीट, दाबमापक आणि डाइव्ह कॉम्प्युटर हे मात्र रेषेच्या पलीकडचे. ते अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत, आणि तो खरोखर अधिकृत आहे का, हे पाटीवरून न ठरवता कंपनीच्या यादीत पडताळावे. सिलिंडर विकतच घेऊ नये. डायव्हिंग केंद्राचा भाड्याने घ्यावा आणि चाचणीची तारीख मागून बघावी.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टी तपासाव्यात. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. ती चिकटपट्टी नसेल तर तक्रार कोणाकडे करायची, हेच कळणार नाही. युरोपीय मानकाच्या रेग्युलेटरवर ‘ईएन २५०’ आणि ‘सीई’ या खुणेपुढे तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांक असतो. आणि शेवटचे, ‘याची सर्व्हिसिंग कोण, कुठे, किती दिवसांत करून देईल?’ असे विक्रेत्याला विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर मिळणारी सवलत कितीही मोठी असो, ती नाकारावी.

पैसे कमी असतील, तर पहिली दोन-तीन वर्षे सामान भाड्यानेच घेण्यात कमीपणा काहीच नाही. वर्षातून एकदा समुद्रावर जाणाऱ्याचा रेग्युलेटर उरलेले अकरा महिने कपाटातच पडून राहणार, आणि पडून राहिलेले रबरही जुने होतेच. अधिकृत दुकानातून घेऊन कधी न तपासलेला रेग्युलेटर हाही धोकाच. पावती सुरक्षा देत नाही. ती फक्त जबाबदार माणसाचा पत्ता देते. त्या पत्त्यावर वेळच्या वेळी जाणे हे काम मात्र ज्याचे त्याने करायचे असते.